‘झोपू दे, सकाळी उतरेल’ : किशोरवयीन मद्यपानातील पहिल्याच रात्रीचा धोका

मार्च संपत आला की गोव्यातील डोंगरउतारांवर पिकलेल्या काजूच्या बोंडांचा वास दरवळू लागतो. गावोगावच्या भट्ट्या पेटतात, हुर्राकचा हंगाम सुरू होतो आणि साधारण त्याच दिवसांत परीक्षाही संपत आलेल्या असतात. शेवटचा पेपर देऊन आलेली मुले कोणाच्या तरी बागायतीत, नदीकाठी किंवा आईवडील परगावी गेलेल्या एखाद्या घरी जमतात. एकाने बाटली आणलेली असते, दुसऱ्याने लिंबू, मीठ, मिरची आणि सोडा. दोन-तीन तासांनी त्यांच्यातील एक जण असंबद्ध बोलू लागतो, उलटी करतो आणि आडवा पडतो. उरलेले एकमेकांकडे पाहतात. घरी कळले तर काय होईल, ही भीती सगळ्यांच्याच डोळ्यांत असते. अखेर कोणीतरी म्हणतो, ‘झोपू दे त्याला, सकाळी उतरेल.’

पुष्कळदा ते खरेही ठरते आणि म्हणूनच या वाक्यावर विश्वास बसतो. मात्र ज्या रात्री ते खरे ठरत नाही, त्या रात्री चूक सुधारण्याची संधी मिळत नाही. किशोरवयीन मद्यपानाविषयी बोलताना घरात आणि शाळेत सहसा व्यसनाधीनतेचा धाक घातला जातो. यकृत खराब होईल, आयुष्य वाया जाईल, असे सांगितले जाते. हे धोके खरे असले तरी ते दूरचे आहेत आणि सोळा वर्षांच्या मुलाला चाळिशीतील यकृताची काळजी वाटत नाही. प्रत्यक्षात या वयातील सर्वांत मोठा धोका अगदी जवळचा असतो. तो त्याच रात्रीचा, त्याच रस्त्यावरचा आणि त्याच पाण्यातला असतो. त्यासाठी मुलगा व्यसनी असावा लागत नाही; एकच वेळ पुरेशी होते.

बदललेले वय

गोव्यात मद्य परके नाही. फेणी हा येथील परंपरेचा आणि अर्थकारणाचा भाग आहे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फेस्त असो, लग्न असो वा नववर्ष, अनेक घरांत पाहुण्यांपुढे पेला ठेवला जातो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मद्यपानाचे राष्ट्रीय प्रमाण १४.६ टक्के आढळले, तर गोव्यात ते सुमारे २८ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते.

मात्र ‘आमच्याकडे हे पूर्वीपासून चालत आले आहे’ हा युक्तिवाद मुलांच्या बाबतीत टिकत नाही. उत्तर गोव्यातील शहरी आणि ग्रामीण भागांतील २० ते ४९ वयोगटातील सुमारे एकोणीसशे पुरुषांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मद्यपानाला किशोरवयातच सुरुवात केल्याचे प्रमाण १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्यांमध्ये सुमारे २० टक्के होते. १९८१ ते १९८५ या काळात जन्मलेल्यांमध्ये ते सुमारे ७४ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे फेणी जुनीच आहे, भट्ट्याही जुन्याच आहेत. पहिला घोट घेण्याचे वय मात्र एका पिढीत झपाट्याने खाली आले. त्याच अभ्यासात किशोरवयात सुरुवात केलेल्यांमध्ये पुढील आयुष्यात मद्यावरील अवलंबित्व, मद्यपानामुळे होणाऱ्या दुखापती आणि मानसिक त्रास यांचे प्रमाण अधिक आढळले.

आजोबा फेणी घेत असत, हे अनेकांच्या बाबतीत खरे आहे. परंतु त्यांच्या पिढीतील बहुतेकांनी ती पंधराव्या वर्षी सुरू केलेली नव्हती.

एका बाटलीत दडलेले चार पेग

मुले सहसा ‘कडक’ दारूने सुरुवात करीत नाहीत. ‘फक्त बिअर’ किंवा ‘नुसती हुर्राक’ असे म्हणून सुरुवात होते. या ‘फक्त’ आणि ‘नुसत्या’ शब्दांतच पहिला गैरसमज दडलेला आहे.

शरीराच्या दृष्टीने पेयाच्या नावाला महत्त्व नसते. पोटात शुद्ध मद्यार्क किती गेला एवढेच महत्त्वाचे असते. भारतात व्हिस्की, रम यांसारख्या मद्यांत सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. अशा मद्याच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क भरतो. आता ८ टक्के मद्यार्क असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली, तर तिच्यातील मद्यार्क सुमारे ४१ ग्रॅम होतो. म्हणजे ‘एक बिअर’ प्यायलेल्या मुलाने प्रत्यक्षात चार छोटे पेग रिचवलेले असतात. हुर्राक हे काजूच्या रसाचे पहिल्या ऊर्ध्वपातनाचे मद्य. फेणीपेक्षा ते सौम्य असले, तरी त्यात साधारण १५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात दोन पेगांहून अधिक मद्यार्क सहज मावतो. लिंबू, मीठ आणि गोड सोड्यामुळे जिभेला त्याचा पत्ता लागत नाही. घरगुती मद्याच्या बाटलीवर तर प्रमाण लिहिलेलेही नसते.

यकृत हा मद्यार्क ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम या संथ गतीने निकामी करते. ही गती कॉफीने, थंड पाण्याने किंवा जेवणाने वाढत नाही. त्या एका बाटलीचा निचरा होण्यास चार ते सहा तास लागतात. पन्नास किलो वजनाच्या मुलाने ती भराभर प्यायली, तर ढोबळ हिशेबाने त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क साठू शकतो. वाहन चालविणाऱ्या प्रौढासाठी भारतीय कायद्याने ठरविलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. हे प्रमाण तिच्या तिपटीहून अधिक झाले. मुलींच्या शरीरातील पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्यामुळे त्याच मात्रेत त्यांच्या रक्तातील प्रमाण आणखी वाढते.

मेंदूचा इशारा उशिरा येतो

किशोरवयीन शरीर म्हणजे केवळ लहान आकाराचे प्रौढ शरीर नव्हे. माणसाच्या मेंदूची घडण सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आनंद, उत्तेजना आणि बक्षिसाची ओढ यांच्याशी निगडित असलेली केंद्रे आधी जोमाने काम करू लागतात. परिणामांचा विचार करणारा, ‘थांब’ म्हणणारा कपाळामागील भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. मद्य नेमके या शेवटच्या भागाला प्रथम सैल करते. मोठ्या माणसाचा लगाम मद्याने ढिला पडतो. किशोराच्या हाती तो लगाम अजून पुरता आलेलाच नसतो.

याहून महत्त्वाची दुसरी बाब अनेकांना ठाऊक नसते. मुलांवर मद्याचे प्रयोग करता येत नसल्याने या विषयावरील बरेचसे ज्ञान प्राण्यांवरील प्रयोगांतून आले आहे. किशोरवयीन उंदरांवर मद्याचा गुंगी आणणारा आणि तोल घालविणारा परिणाम प्रौढ उंदरांपेक्षा कमी होतो, तर स्मृतीवरील परिणाम मात्र अधिक होतो, असे त्यांत दिसून आले. माणसालाही हे लागू असेल, तर त्याचा अर्थ गंभीर आहे. प्रौढाला झोप येते, पाय लटपटतात आणि तो आपोआप थांबतो. मुलाला हा नैसर्गिक इशारा उशिरा मिळतो. ‘मला काही होत नाही, मला पचते’ असे तो अभिमानाने सांगतो, तेव्हा ती त्याची ताकद नसते. धोक्याची घंटा वेळेवर वाजत नसते एवढेच. कॅफीनयुक्त ‘एनर्जी ड्रिंक’मध्ये मद्य मिसळले, तर उरलेली गुंगीही झाकली जाते आणि मात्रा वाढतच राहते.

‘काल रात्रीचे काही आठवत नाही’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितले जाते. त्या वेळी मुलगा चालत-बोलत असतो, कदाचित दुचाकीही चालवीत असतो. परंतु नव्या आठवणी साठविणारे मेंदूतील केंद्र बंद पडलेले असते. हिप्पोकॅम्पस असे त्याचे नाव. अभ्यास लक्षात ठेवण्याचे काम याच केंद्राचे. सातत्याने अतिमद्यपान करणाऱ्या किशोरांमध्ये या केंद्राचा आकार तुलनेने लहान आढळल्याचे मेंदूच्या प्रतिमांवर आधारलेल्या अभ्यासांत नोंदले गेले आहे.

त्या रात्री नेमके काय घडते

मद्य हे मज्जासंस्थेला मंद करणारे द्रव्य आहे. मात्रा वाढते तशी प्रथम विवेकबुद्धी, मग तोल, मग शुद्ध आणि अखेर श्वास मंदावतो. घशात काही अडकल्यास खोकून बाहेर टाकण्याची शरीराची सहजक्रियाही बोथट होते. अशा स्थितीत पाठीवर उताणा निजलेल्या मुलाला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. शेजारच्या खोलीत गप्पा मारणाऱ्या मित्रांना त्याचा आवाजही येत नाही. मद्यामुळे शरीराचे तापमान आणि रक्तातील साखरही खाली येते. उपाशीपोटी प्यायलेल्या मुलांमध्ये साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरून झटके येऊ शकतात.

‘झोपू दे’ हा सल्ला चुकीचा ठरण्याचे मुख्य कारण वेगळेच आहे. पिणे थांबले म्हणून रक्तातील मद्यार्क लगेच उतरू लागत नाही. पोटात आणि आतड्यात शिल्लक असलेले मद्य पुढे अर्धा ते दीड तास रक्तात मिसळतच राहते. आडवा पडला तेव्हा मुलगा निदान बडबडत होता. म्हणून मित्र निर्धास्त होतात. त्याची सर्वांत वाईट अवस्था मात्र ते निर्धास्त झाल्यानंतर येते.

म्हणून पुढील लक्षणे प्रत्येक किशोराला आणि पालकाला पाठ असावीत. हाक मारून, खांदा हलवून किंवा चिमटा काढूनही जाग न येणे, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होणे किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर पडणे, अंग थंड व ओलसर लागणे, ओठ वा नखे निळसर दिसणे, अर्धवट शुद्धीत वारंवार उलट्या होणे, झटके येणे. यांतील एकही लक्षण दिसले, तर ती झोप नव्हे. ती विषबाधा आहे. सगळी लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय, किती व केव्हा प्यायले ते खरे सांगावे. सोबत एखादी गोळी किंवा खोकल्याचे औषध घेतले असेल, तर तेही लपवू नये. झोप आणणाऱ्या औषधांबरोबर मद्य श्वास अधिकच मंदावते.

मदत येईपर्यंत मुलाला कुशीवर वळवून ठेवावे. वरचा गुडघा पुढे दुमडावा आणि तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. अंगावर पांघरूण घालावे. श्वासाकडे लक्ष ठेवीत कोणीतरी सतत जवळ बसावे. थंड पाण्याने आंघोळ घालणे, घशात बोट घालून उलटी काढणे, कॉफी किंवा लिंबूपाणी पाजणे, आधार देऊन चालविणे हे प्रचलित उपाय निरुपयोगी आहेत आणि त्यांतील काही घातक आहेत. अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात काहीही घालणे म्हणजे त्याला गुदमरण्याच्या जवळ नेणे.

रस्ता आणि पाणी

विषबाधेपर्यंत वेळ न येताही मद्य जीव घेते आणि गोव्यात त्याची दोन ठिकाणे ठरलेली आहेत. पहिले ठिकाण रस्ता. रात्री बस मिळत नाही, अंतरे थोडी आणि घरात दुचाकी हाताशी. त्यामुळे परवाना नसलेली मुलेही ‘इथल्या इथे’ म्हणून गाडी काढतात. अरुंद वळणे, अंधार, मोकाट गुरे आणि हेल्मेट न घालता मागे बसलेले दोघे मित्र, यांत मद्याची भर पडते. मद्यामुळे प्रतिक्रिया देण्यास लागणारा वेळ वाढतो, अंतराचा अंदाज चुकतो आणि विरोधाभास असा, की स्वतःच्या कौशल्यावरील विश्वास वाढतो. नवशिक्या चालकाकडे सरावाने आलेली सवयही नसते. प्यायलेल्या मुलाच्या मागे बसणारी, स्वतः न प्यायलेली मुले तितकीच धोक्यात असतात, हे घरी बजावले जात नाही.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे १७ वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्या आधी त्याने मद्यपान केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्या घटनेने देशभर संताप उसळला. परंतु मोटार महाग होती म्हणून ती बातमी झाली. परवाना नसलेल्या हाती दिलेली साधी स्कूटरही तेच करू शकते.

दुसरे ठिकाण पाणी. २४ जूनला सांजावाच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून विहिरीत उड्या मारण्याची प्रथा आहे. शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तो आनंदोत्सव असतो. पोटात मद्य असेल, तर पाण्याची खोली आणि काठाचे अंतर यांचा अंदाज चुकतो, उडीनंतर दिशाभ्रम होतो आणि हातपाय लवकर थकतात. मद्याने त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यामुळे अंग गरम वाटते, पण प्रत्यक्षात शरीरातील उष्णता भराभर निघून जाते. धबधबे, चिरेखाणींत साठलेले पाणी आणि खवळलेला समुद्र ही सारी पावसाळी आकर्षणे याच काळातली. जीवरक्षक लाल बावटे लावतात. मात्र प्यायलेल्या डोळ्यांना तो बावटा आव्हान वाटतो.

याच्याच जोडीला एक तिसरा धोका आहे, ज्याविषयी घरात बोलणे टाळले जाते. नशेतील मुलगी वा मुलगा स्वतःचे संरक्षण करू शकत नाही. लैंगिक अत्याचार, मारामारी, आणि कोणीतरी काढलेली व नंतर पसरवलेली चित्रफीत हे सर्व याच अवस्थेत घडते. अशा वेळी दोष अत्याचार करणाऱ्याचा असतो, प्यायलेल्या मुलाचा नव्हे, ही गोष्ट घरातल्यांनी आधीच स्पष्ट केलेली असेल, तरच मूल घडलेले सांगण्याचे धाडस करते.

पहिल्या रात्रीनंतर

पहिली रात्र सुखरूप पार पडली, तरी सुरुवातीचे वय आपला ठसा उमटवून जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये मांडलेला निष्कर्ष आजही सांगितला जातो. चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी मद्यपान सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण आयुष्यात कधी ना कधी मद्यावर अवलंबून झाले. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. घरातील वातावरण, आनुवंशिकता, मनावरचे आघात यांचाही यात वाटा असतो. केवळ वयाने सर्व ठरते असे नाही. तरीही पहिला पेला जितका पुढे ढकलला जाईल तितके बरे, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो.

मनाचाही प्रश्न आहे. परीक्षेचा ताण, प्रेमभंग किंवा घरातील भांडणे विसरण्यासाठी प्यायलेले मद्य काही तास सुन्न करते आणि नंतर उदासी वाढविते. नशेत आवेगावरचा ताबा सुटतो. म्हणून निराश किशोराच्या हाती आलेली बाटली हा आत्महत्येचा धोका वाढविणारा घटक मानला जातो. कर्करोगाच्या बाबतीत तर शंकेला जागा उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले. आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

कायद्याचा रोख मोठ्यांवर

मद्यविक्रीसाठी वयाची अट राज्यागणिक बदलते. देशभर एकच असलेली तरतूद मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याशिवाय १८ वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ नुसार मद्याची विक्री, ने-आण किंवा पुरवठा करण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्यासही तेवढीच शिक्षा आहे. ‘जा रे, कोपऱ्यावरून बाटली घेऊन ये’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. या सर्व तरतुदींचा रोख बाटली आणि किल्ली मुलाच्या हाती देणाऱ्यावर आहे.

‘घरात थोडी दिली तर बरी’ हा समज

काही सुशिक्षित घरांत वेगळा विचार आढळतो. बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात आपल्यासमोर थोडी चव घेऊ द्यावी, म्हणजे मुलगा जबाबदारीने प्यायला शिकेल, असा तो विचार. हेतू चांगला असला, तरी पुरावा त्याच्या बाजूने नाही. ऑस्ट्रेलियात बारा ते अठरा वर्षे या वयातील एकोणीसशेहून अधिक मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांनी मद्य पुरविल्याचा कोणताही संरक्षक परिणाम दिसला नाही. उलट अशा मुलांना इतर मार्गांनी मद्य मिळण्याची आणि त्यांनी अतिमद्यपान करण्याची शक्यता वाढल्याचे आढळले. घरात मिळालेला घोट मुलाला मर्यादा शिकवत नाही. परवानगी मिळाल्याचा संदेश तेवढा देतो.

मुलांना शिकवण मिळते ती पाहण्यातून. दिवसभराच्या दगदगीनंतर वडिलांनी बाटली उघडणे, पिऊन गाडी चालवीत सर्वांना लग्नाहून घरी आणणे, नशेतील फजितीचे किस्से रंगवून सांगणे हे सारे मूल टिपत असते. स्वतःचे पिणे हाताबाहेर जात असल्याचे जाणवणाऱ्या पालकासाठी गोव्यातच आशादायक अनुभव आहे. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, थोड्याच बैठकांच्या समुपदेशनाने घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना मदत होते का, हे तपासले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे समुपदेशन मिळालेल्यांमध्ये सुधारणेचे प्रमाण अधिक होते.

त्या फोनची हमी

पुन्हा त्या बागायतीकडे वळले, तर तेथे जमलेल्या मुलांना कमतरता कशाची असते? फोन सर्वांच्या खिशात असतो. रुग्णवाहिकेचा क्रमांक बहुतेकांना ठाऊक असतो. आडवा पडलेला मुलगा त्यांचा जिवलग मित्र असतो. तरीही फोन लागत नाही, कारण फोन केला की प्रकरण घरी कळणार, मार बसणार, शाळेत बभ्रा होणार, असे त्यांना वाटते. त्या क्षणी मुलांना मृत्यूपेक्षा बाबांची भीती अधिक वाटत असते.

ही भीती कमी करणे घरातल्यांच्या हाती आहे आणि त्यासाठी खर्च येत नाही. ‘दारू प्यायची नाही’ हा नियम ठामपणे सांगावाच. त्याच बैठकीत दुसरे वाक्यही तितक्याच ठामपणे सांगावे : ‘तरीही कधी तू किंवा तुझा मित्र अडचणीत सापडलात, तर कितीही वाजले असोत, मला फोन कर. मी येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी बोलू.’ आणि असा फोन खरोखर आला, तर शब्द पाळावा. पहिल्याच वेळी शब्द मोडला, तर दुसरा फोन कधीच येणार नाही. नियम आणि हमी यांत विसंगती नाही. पोहायला जाऊ नको असे बजावणारी आईच मूल पाण्यात पडल्यावर सर्वांत आधी धावते.

पुढील मदतीसाठी वाटा खुल्या आहेत. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत व्यसनविषयक उपचार होतात. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४४४६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक निःशुल्क आहेत. आणीबाणीत १०८ किंवा ११२ लावावा.

हंगाम दरवर्षी येईल, परीक्षा दरवर्षी संपतील आणि मुलेही कुठे ना कुठे जमतीलच. त्यांच्यापैकी एक जण आडवा पडल्यावर दुसऱ्याने ‘झोपू दे’ म्हणण्याऐवजी त्याला कुशीवर वळवून फोन हातात घ्यावा, यासाठी लागणारे बोलणे मात्र त्या रात्रीच्या आधी, घरच्या जेवणाच्या वेळी होऊन गेलेले असायला हवे.